दोन किल्ल्यांची तिजोरी

मुलगी बाळंतपणाला पुण्याला आमच्याकडे आली होती. पहाटे चारच्या सुमारास मुलगा झाला. जावईबापूंना फोन गेला, आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीच कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचे दार ठोठावून मी पेढे आणले. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना जो कागद हाती आला, त्यात वजन, रक्तगट, दिलेल्या लसी यांच्या खाली एक ओळ होती : 'डाव्या बाजूचे वृषण हाताला लागत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवणे.' छत्तीस वर्षे मी बँकेत काढली. कर्जाच्या कागदपत्रांत धोक्याची ओळ नेहमी तळाशी आणि बारीक अक्षरांत असते, हे मला पाठ आहे. मी ती ओळ दोनदा वाचली आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

घरात चार दिवस त्यावर कोणी बोलले नाही. मुलाला कावीळ झाली असती तर शेजारणीसुद्धा उपाय सांगायला आल्या असत्या. पण हा अवयवच असा, की त्याचे नाव घरात उच्चारायचे नसते. पाचव्या दिवशी विहीणबाई आल्या, त्यांनी बाळाला मांडीवर घेतले, कागद वाचला आणि माझ्या मुलीला हळूच विचारले, ''काही ग्रहणबिहण पाळायचं राहिलं होतं का गं?'' त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मुलगी उठून आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मला एकदम माझी आई आठवली.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, वाईच्या पलीकडे. आईला पहिल्या तीन मुली. तिसरी झाली तेव्हा आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, तिचे नाव नकुसा ठेवले. आमच्या भागात ही रीतच होती. मुलगी नको झाली की तिला तसे नावानेच सांगायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो अशी समजूत. त्यानंतर १९६० साली मी झालो आणि नावाचा गुण आला असे सगळ्या गावाने मानले. २०११ साली साताऱ्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावे दिली गेली. माझी बहीण तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. तिचे नाव रेशनकार्डापासून सातबारापर्यंत नकुसाच राहिले. आम्ही तिला नकूताई म्हणतो, म्हणजे त्या नावाला 'ताई' जोडून आम्ही आमच्यापुरती सोय करून घेतली आहे.

आई १९९३ साली गेली. तीन मुलींचा दोष शेवटपर्यंत तिच्याच पदरात होता. तिने तो नाकारल्याचे मला आठवत नाही. 'माझ्या कुशीतच होतं तसं,' असे ती म्हणे.

मी कादंबऱ्या लिहितो. जीवशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण त्या तीन महिन्यांत, बाळाला पुन्हा दाखवायची तारीख येईपर्यंत, मी जे मिळेल ते वाचून काढले. पुरुषाचे ते अवयव गर्भात तयार कसे होतात, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर वाचताना मात्र आजोबा म्हणून वाचायला बसलो आणि मुलगा म्हणून उठलो, असे काहीसे झाले.

पहिली गोष्ट अशी, की सुरुवातीला मुलगा आणि मुलगी यांच्या शरीरात काहीच फरक नसतो. गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत त्याच्या पोटात, मूत्रपिंडाच्या जागेलगत, दोन उंचवटे असतात. ते पुढे वृषण होऊ शकतात किंवा अंडाशय. आणि प्रत्येक गर्भात, मग तो मुलाचा असो वा मुलीचा, नळ्यांच्या दोन जोड्या तयार होतात. एक जोडी वुल्फची, दुसरी म्युलरची. कास्पार फ्रीडरिश वुल्फ हा अठराव्या शतकातला बर्लिनचा माणूस. पुढे रशियात सेंट पीटर्सबर्गला जाऊन राहिला. योहानेस म्युलर त्याच्यानंतरचा, त्याने १८३० साली दुसऱ्या नळीचे वर्णन केले. कोणाच्या पोटात काय राहणार हे या दोघांना ठाऊक नव्हते. पण दोन्ही नळ्या दोघांतही असतात हे डोळ्यांनी दिसत होते.

म्युलरची नळी टिकली तर तिच्यापासून गर्भाशय आणि गर्भनलिका होतात. वुल्फची टिकली तर वृषणापासून बाहेर येणारा सगळा मार्ग होतो. नसबंदीत जी नळी कापतात ती शुक्रवाहिनी याच मार्गाचा भाग. तिच्या अलीकडे वृषणाला चिकटून एक गुंडाळी असते. ती उलगडून सरळ केली तर सहा मीटरच्या आसपास भरते आणि एरवी बोटाच्या पेराएवढ्या जागेत बसते. वुल्फची नळी मुळात गर्भाच्या तात्पुरत्या मूत्रपिंडाचे पाणी वाहून नेणारी मोरी. निसर्गाने जुने सामान वापरात आणले आहे. आणखी एक, तिच्यातूनच एक कोंब फुटून कायमच्या मूत्रपिंडाची सुरुवात होते, आणि ती मुलींतही होते. तेव्हा ही नळी फक्त पुरुषांची म्हणणे मुळात चूकच.

यापुढचा प्रश्न असा, की कोणती नळी ठेवायची आणि कोणती काढायची, हे ठरवतो कोण?

अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स या बाईंनी १९०५ साली धान्यातल्या अळीच्या भुंग्यांत दाखवून दिले, की नराच्या निम्म्या शुक्रपेशींत एक लहान गुणसूत्र असते आणि ते ज्या अंड्याला मिळते त्याचा नर होतो. तेच आपण आज वाय म्हणतो. स्त्रीकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. आईकडून मुलाला किंवा मुलीला फक्त एक्सच मिळू शकतो. वाय द्यायचा की नाही, हे बापाच्या शुक्रपेशीवर. हे शाळेतल्या पुस्तकात आता असते आणि मुले ते दोन मार्कांसाठी पाठ करतात. माझ्या आईच्या जन्माच्या आधी हे माहीत झाले होते. वाईच्या पलीकडे पोचायला मात्र त्याला वेळ लागला.

पण वायमध्ये नेमके काय आहे, हे कळायला पुढची पंच्याऐंशी वर्षे गेली. १९५९ साली समजले की दोन एक्सबरोबर एक वाय आला तरी पुरुषच होतो, म्हणजे एक्स किती आहेत याला महत्त्व नाही, वाय आहे की नाही याला आहे. मग वायमधले जनुक शोधायची शर्यत लागली. १९८७ साली अमेरिकेतल्या एका गटाने जनुक सापडल्याचे जाहीर केले. दोनच वर्षांत ते चुकीचे ठरले. (ताळेबंद जाहीर करून नंतर बेरीज चुकल्याचे सांगायची वेळ शास्त्रज्ञांवरही येते, हे वाचून मला बरे वाटले.) गाठ सुटली ती वाय नसलेल्या पुरुषांमुळे. होय, असे पुरुष असतात. त्यांची गुणसूत्रे दोन एक्स, पण बापाकडून आलेल्या एक्सला वायचा एक छोटा तुकडा चिकटून आलेला असतो. त्या तुकड्यात शोधत शोधत लंडनमधले पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांचे गट १९९० साली एका जनुकापर्यंत पोचले. त्याचे नाव एसआरवाय. त्याच्यापासून होणारे प्रथिन अवघ्या २०४ कड्यांचे. १९९१ साली त्यांनी उंदराचे तेच जनुक असलेला सुमारे चौदा हजार अक्षरांचा डीएनएचा तुकडा दोन एक्स असलेल्या उंदराच्या बीजांडात सोडला आणि जन्माला नर आला. त्याचे नाव त्यांनी रँडी ठेवले. तो माद्यांशी नरासारखा वागला, पण त्याला पिल्ले झाली नाहीत, कारण शुक्रपेशी बनवायला वायमधली इतर जनुकेही लागतात.

त्या वर्षी मी कोल्हापूरला शाखेत तेरीज जुळवत बसलो होतो. आई गावी होती. अजून दोन वर्षे ती जगणार होती.

आता खरी गंमत. जनुक असणे आणि जनुकाने काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसआरवाय पुरुषाच्या प्रत्येक पेशीत जन्मभर असते, नखाच्या मुळाशीही. पण माणसाच्या गर्भात ते त्या उंचवट्यांमधल्या पेशींत जागे होते साधारण सहाव्या आठवड्याच्या शेवटी. उंदरात त्याचा जोर जेमतेम दोन दिवस टिकतो. जपानमध्ये २००९ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसले, की ते काही तास, साधारण सहा तास, उशिरा जागे केले तर उपयोग होत नाही. अंडाशयाची तयारी तोपर्यंत सुरू झालेली असते. बँकेत पूर्वी क्लिअरिंगची वेळ असे. चेक खरा, सही खरी, खात्यात पैसे, पण वेळ टळून गेल्यावर आला तर त्या दिवशी तो नुसता कागद. तसेच हे.

वेळेवर जागे झाले तर एसआरवाय स्वतः फारसे काही करत नाही. ते दुसऱ्या एका जनुकाला उठवते, त्याचे नाव सॉक्स ९. हे जनुक वायवर नाही. ते सतराव्या गुणसूत्रावर असते, आणि स्त्री-पुरुष दोघांतही असते. तेच पुढचा कारभार हाती घेते. साहेबांनी एकदा सही करून निघून जावे आणि हेडक्लार्कने वर्षभर शाखा चालवावी, असा प्रकार. लव्हेल-बॅज यांच्याच प्रयोगशाळेने २०१८ साली दाखवले, की सॉक्स ९ पासून पाच लाखांहून अधिक अक्षरे दूर असलेला ५५७ अक्षरांचा एक तुकडा काढून टाकला, तर वाय असूनही उंदराला अंडाशय होतात. तो तुकडा जनुकही नव्हे. नुसती हुकूम घेऊन जाणारी चिठ्ठी.

या कारभारातून वृषण उभे राहते आणि ते दोन निरोप पाठवायला लागते. हे दोन निरोप आहेत हे ज्याने ओळखले, त्या आल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञापाशी मी बराच वेळ थांबलो. १९४० च्या दशकात, जनुक म्हणजे काय पदार्थ आहे हेही नीट ठरलेले नव्हते, तेव्हा या माणसाने पॅरिसमध्ये गाभण सशिणीचे पोट उघडून, आतल्या पिलावर शस्त्रक्रिया करून, त्याचे अजून पुरते न वाढलेले वृषण काढून घेतले आणि पोट शिवून टाकले. पिलू काही दिवसांत केवढे असेल? करंगळीच्या मापाचे. काही दिवसांनी पिले बाहेर काढून पाहिली तर सगळी माद्यांसारखी. जी नर व्हायची तीही. मग त्याने वृषणाऐवजी टेस्टोस्टेरॉनचा एक खडा ठेवून पाहिला. वुल्फची नळी टिकली. पण म्युलरचीही टिकली! म्हणजे पुरुषाचा मार्ग तयार झाला आणि शेजारी गर्भाशयाची तयारीही तशीच. यावरून त्याने ताडले, की वृषणातून दुसरेही काहीतरी निघत असले पाहिजे, जे म्युलरची नळी मोडते. ते दुसरे रसायन पुढे सापडले, त्याचे जनुक १९८६ साली हाती आले. पहिला निरोप : म्युलरची नळी काढा. दुसरा निरोप : वुल्फची ठेवा. माणसाच्या गर्भात हे आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमाराला उरकते. तेव्हा अख्खा गर्भ तीन-चार सेंटिमीटरचा असतो आणि बऱ्याच घरांत पोटातल्या बाळाची बातमी अजून सासरी कळवलेलीही नसते.

आणि मोडलेल्या नळीचा अवशेष पुरता जात नाही. बहुतेक पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत एक इवलीशी पिशवी असते, आणि वृषणाच्या वरच्या टोकाला एक मांसल दाणा. जे गर्भाशय झाले नाही, त्याच्या नळीच्या टोकाची ती आठवण.

जोस्टच्या सशांमुळे एक समज मात्र पाठ्यपुस्तकांत घट्ट बसला : काही केले नाही तर मुलगी होते, मुलगा व्हायला काहीतरी करावे लागते. मुलगी म्हणजे जणू न केलेले काम. मला हे वाचतानाच खटकले होते, पण खटकणे म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा २०१७ साली आला. अमेरिकेत हंफ्री याओ यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की मादी उंदराच्या गर्भात वुल्फची नळी आपोआप वाळून जात नाही. तिला काढून टाकायला एक जनुक राबते. ते जनुक बंद केले, तर अंडाशय असलेल्या मादीतही वुल्फची नळी तशीच उभी राहते. अंडाशयाचेही तेच. तिथेही जनुके जागी होतात, वृषणाच्या मार्गाला अडवून धरतात. आणि २००९ साली दिसले, की यातले एक जनुक प्रौढ उंदरिणीत बंद केले तर तिच्या अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या होऊ लागतात. म्हणजे मुलगी होणे हेही जन्मभर चाललेले काम आहे. नकूताई नुसती राहून गेलेली नव्हती, तीही केलेली होती.

आणि आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो.

वृषणाने टेस्टोस्टेरॉन पाठवले, पण ते ऐकायला कोणीतरी लागते. वुल्फच्या नळीच्या पेशींत एक प्रथिन असते, त्याला ग्राही म्हणतात. टेस्टोस्टेरॉन त्याला जाऊन मिळाले, तरच नळीला कळते की आपल्याला राहायचे आहे. हे ग्राही बनवणारे जनुक कुठे असते? वायवर नाही. ते एक्सवर असते. आणि मुलाला एक्स एकच, तो आईकडून आलेला. एरवी बापाकडून मुलाला एक्स मिळत नाही.

बँकेतली तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. एकाने कितीही फिरवून पाहिले तरी दार हलत नाही. आमच्याकडे एकदा कॅशियरच्या घरी लग्न होते, तो किल्ली खिशात घेऊन सांगलीला गेला. तो येईपर्यंत बारा वाजले. बाहेर पेन्शनरांची रांग लागली होती आणि मॅनेजर म्हणून माझ्या हातातल्या किल्लीला त्या दिवशी काहीही किंमत नव्हती. बापाने दिलेला वाय वृषण करतो. पण त्या वृषणाचा शब्द ज्या कानाने ऐकायचा, तो कान आईने दिलेला असतो. ज्या मार्गाने वंश पुढे जातो असे म्हणतात, तो मार्गच आईच्या एक्सवाचून टिकत नाही.

हे ग्राही ज्यांच्यात मुळीच चालत नाही अशा व्यक्ती असतात. त्यांची गुणसूत्रे एक्स आणि वाय. वृषणे असतात, पण पोटात. पहिला निरोप पोचलेला असल्यामुळे गर्भाशय नसते, दुसरा निरोप न ऐकल्यामुळे वुल्फचा मार्गही नसतो. जन्मतः त्या मुली असतात, मुली म्हणून वाढतात, स्त्रिया होतात. पाळी आली नाही म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर बहुधा कळते. स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिनो यांना ते १९८५ साली जपानमधल्या कोबे इथल्या विद्यापीठ स्पर्धेत कळले. गुणसूत्र तपासणीत वाय निघाला. त्यांना दुखापतीचे सोंग करून माघार घ्यायला सांगण्यात आले. पुढच्या वर्षी हे वर्तमानपत्रांत आले, शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, वाङ्निश्चय झालेला मुलगाही दूर झाला. १९८८ साली त्यांना पुन्हा खेळायची परवानगी मिळाली, कारण त्यांचे शरीर टेस्टोस्टेरॉन ऐकतच नव्हते. पण उमेदीची वर्षे निघून गेली होती. त्यांनी २००५ साली हे सगळे स्वतः लिहिले आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने जागतिक दर्जाच्या स्पर्धांत स्त्रियांच्या गटात उतरणाऱ्या प्रत्येकीला एसआरवायची चाचणी सक्तीची केली. ज्यांचे ग्राही पूर्ण बंद आहे त्यांच्यासाठी नियमात वाट ठेवली आहे, हे खरे. तरीही ते जनुक शोधणाऱ्या १९९० च्या निबंधावर ज्यांचे नाव पहिले आहे, त्या अँड्रयू सिंक्लेअर यांनीच या चाचणीला जाहीर विरोध केला. त्यांचे म्हणणे, चाचणी फक्त जनुक आहे की नाही एवढेच सांगते. ते काम करते आहे का, वृषण झाले का, संप्रेरक निघाले का, निघाले तर शरीराने ऐकले का, यातले काहीच ती सांगत नाही. खेळातली न्याय्य स्पर्धा हा वेगळा आणि कठीण विषय आहे, त्यात मी शिरत नाही. पण खात्यात नाव असणे म्हणजे खात्यात शिल्लक असणे नव्हे, एवढे मलाही कळते.

आईला दोष देणाऱ्यांच्या हाती मात्र विज्ञान कधीकधी नवी काठी देते. २०२५ सालीच जपानमधून बातमी आली, की गाभण उंदरिणींच्या शरीरातले लोह औषध देऊन उतरवले, तेव्हा वाय असलेल्या थोड्या पिलांत अंडाशय झाले. एसआरवायवरचे कुलूप काढणारे जे विकर आहे ते लोहावर चालते, त्यामुळे असे झाले. हे उंदरांत, आणि औषधाने लोह मुद्दाम घटवून. माणसात असे दाखवलेले नाही. आपल्याकडे लोह कमी असलेल्या बायकांना मुलगे होतच आले आहेत. तरी मी ही बातमी घरात वाचून दाखवली नाही. गरोदरपणी लोहाच्या गोळ्या घ्याव्यात त्या बाईच्या स्वतःच्या रक्तासाठी. त्यांच्यामागे मुलाची आशा लावली, की गोळीचाही नवस होतो.

आशा किती खोल आहे हे आकड्यांत दिसते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४ सालचा. तरीही २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. कोल्हापूरला असताना मी डॉक्टरांना सोनोग्राफी यंत्रासाठी कर्ज मंजूर केले आहे. परतफेड वेळेवर होत असे. यंत्र काय काय करते हे विचारायचा रकाना अर्जात नव्हता, आणि मीही विचारले नाही.

आता बाळाविषयी. वृषण पोटात वर तयार होते आणि तिथून खाली यायचा प्रवास करते. पहिला टप्पा पोटातल्या पोटात, जांघेपर्यंत, तिथे वृषणातूनच निघणारे आणखी एक संप्रेरक एका दोरीसारख्या पट्ट्याला जाड करून त्याला खाली धरून ठेवते. दुसरा टप्पा सातव्या महिन्यानंतर, जांघेतून पिशवीत, आणि इथे पुन्हा टेस्टोस्टेरॉन आणि तोच आईकडचा ग्राही. एवढ्या टप्प्यांत कुठेतरी गाडी थांबणे नवलाचे नाही. पुऱ्या दिवसांच्या शंभर मुलग्यांत सुमारे तिघांत असे असते, अपुऱ्या दिवसांच्यात कितीतरी जास्त. बरीच आपोआप पहिल्या काही महिन्यांत खाली येतात. सहा महिन्यांनंतर मात्र येण्याची आशा फार थोडी, म्हणून शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करावी असे आता सगळीकडे सांगितले जाते. पोटातली ऊब वृषणाला मानवत नाही, शुक्रपेशींचे मूळ बिघडते, पुढे कर्करोगाची शक्यताही वाढते.

नात्यातल्या एका वडीलधाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला, 'पाच-सहा वर्षांचा होऊ द्या, येईल खाली,' असे सांगितले. त्यांच्या शिक्षणाच्या काळात तसेच शिकवत असतील. बालशल्यविशारदांनी तपासले आणि वृषण जांघेत आहे, बोटाला लागते, असे सांगितले. अकराव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. सकाळी नेले, संध्याकाळी घरी. वाट पाहताना शेजारच्या बाकावर आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले एक जोडपे बसले होते. त्यालाही हेच होते. 'आम्ही कोणाला विचारलंच नाही,' त्याची आई म्हणाली, 'विचारायचं कसं?' वडील दाराकडे बघत होते.

विहीणबाईंना मी ती दोन किल्ल्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. नंतर मुलीच्या हातात त्यांनी काजळाची डबी दिली, म्हणाल्या, 'दृष्ट लागते.' एवढ्यावर आम्ही दोघांनी मिटवले.

शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांनी नकूताई साताऱ्याहून एसटीने आली. दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती आणि बाळ तिच्या शेजारी पालथे पडून सुपाकडे हात नेत होते. मी तिच्यासमोर बसलो आणि हे सगळे तिला सांगू लागलो. तांदळाचा दाणा म्हणजे एक्स आणि तुरीचा दाणा म्हणजे वाय. आईचे दोन तांदूळ मांडले, बाबांचा एक तांदूळ आणि एक तूर. ''मला आईकडून एक तांदूळ आणि बाबांची तूर,'' मी म्हणालो. ''तुम्हा तिघींना आईकडून एक आणि बाबांचा हा तांदूळ.''

तिने ते चार दाणे बराच वेळ पाहिले. मग बाबांच्या तांदळावर बोट ठेवले. ''हा बाबांना कुणाकडनं आला?''

मी थांबलो. हा हिशेब मी केलाच नव्हता. बाबांचा एक्स त्यांच्या आईकडून आला, म्हणजे आजीकडून. आणि बाप आपला एक्स मुलीला जवळजवळ जसाच्या तसा देतो. आजीच्या त्या गुणसूत्राची जवळजवळ पुरती नक्कल तिघी नातींत होती. तिने नवस करून मागितलेल्या नातवात असला तर त्याचा एखादा कण होता.

''म्हंजे म्हातारीचं ते आमा तिघींकडं आलं,'' नकूताई म्हणाली, ''आन् तुझ्याकडं काईच न्हाई?''

''एक्सपुरतं नाही.''

''आन् मांडीवर तर तुलाच घेऊन बसायची.'' तिने तो दाणा उचलला, निवडलेल्या तांदळात टाकला, आणि बाळाच्या मुठीत गेलेली तूर सोडवून घेतली.